दर्याचं शिक्षण : निर्णय दहावीनंतरच



आम्ही दातिवऱ्याच्या बचत गटांचं काम पाहतो. मे-जून आला की गटाच्या बैठकीत हिशोबाच्या वह्या बाजूला राहतात आणि एकच विषय निघतो. पोरगी दहावी झाली, आता पुढे काय? यंदा त्यात एक वेगळा प्रश्न आला. एका ताईने विचारलं, "माझी मुलगी म्हणते, मला समुद्राचं शिक्षण घ्यायचंय. असं काही असतं का, का नुसतं मोबाइलमध्ये बघून बोलते?"

असतं, ताई. चांगलं चार वर्षांच्या पदवीचं शिक्षण असतं. पण कुठे असतं, त्याला काय लागतं, किती पैसा जातो आणि पुढे काय मिळतं, हे आपल्या किनाऱ्यावर फार कमी घरांना माहीत आहे. आम्ही त्याची नीट चौकशी केली. ती आज तुमच्यापुढे मांडतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो. बाकीचं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. हे शिक्षण बारावीनंतर सुरू होतं, पण त्याचा निर्णय दहावीनंतरच होतो. अकरावीला मुलीने विज्ञान शाखा घेतली नाही, तर पुढे कितीही हुशारी असली तरी या पदवीला प्रवेश नाही. आणि विज्ञान घेतलं पण जीवशास्त्र सोडलं, तरी मुख्य वाट बंद होते. कला शाखेला आम्ही नावं ठेवत नाही. आम्ही स्वतः बीए आहोत आणि त्याच शिक्षणावर गटांचं काम करतो. पण कला शाखेतून या पदवीकडे जाणारी वाट नाही, हे फॉर्म भरायच्या आधी घरात माहीत असायला हवं.

आता नावाचा घोळ. मुली 'मरीन सायन्स' किंवा 'समुद्रविज्ञान' हे नाव शोधतात. त्या नावाची बारावीनंतरची पदवी आपल्याकडे सहसा सापडत नाही, मग निराश होतात. खरं तर आपल्या राज्यात यासाठी दोन सरळ वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, बी.एफ.एस्सी. चार वर्षं, आठ सत्रं. कोकणातलं तिचं ठिकाण म्हणजे रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. ते १९८१ साली सुरू झालं आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाखाली येतं. विदर्भात नागपूरला आणि मराठवाड्यात उदगीरलाही मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत. ती दोन्ही महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवं. प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून, म्हणजे सीईटीतून होतो. काही जागा देशपातळीवरच्या सीयूईटी परीक्षेतूनही भरतात. नियम बदलत असतात, म्हणून ज्या वर्षी मुलगी बारावीला असेल त्या वर्षीचं माहितीपत्रकच पाहायचं. शेजारच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केलं, त्यावर जायचं नाही.

दुसरी वाट म्हणजे साधी बी.एस्सी. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन पदवी करायची आणि समुद्राचा विषय एम.एस्सी.ला घ्यायचा. ज्यांना मुलीला लगेच लांब पाठवणं जमत नाही, त्यांना ही वाट सोयीची. पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. सफाळ्याहून गाडीने जाऊन-येऊन शिकता येतं. पुढे गोवा विद्यापीठात किंवा कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सागरी विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली सुरू झाली आणि समुद्राच्या संशोधनात देशातली मोठी संस्था आहे.

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्थेबद्दल पुष्कळ जणी विचारतात, कारण ती आपल्याला जवळची. अंधेरीला उतरलं की आलंच. १९६१ साली सुरू झालेली नावाजलेली संस्था आहे. पण तिथे बारावीनंतर प्रवेश नाही. तिथे मत्स्यविज्ञानाची पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. होते. म्हणजे आधी रत्नागिरी, मग वर्सोवा असा तो क्रम आहे.

ज्या मुलींना गणित आवडतं आणि बोटीवरचं काम खुणावतं, त्यांच्यासाठी आणखी एक पदवी आहे. कोचीला केंद्र सरकारची 'सिफनेट' नावाची संस्था आहे. तिथे नौकानयनाची, म्हणजे नॉटिकल सायन्सची चार वर्षांची बी.एफ.एस्सी. होते. तिला बारावीचं गणित लागतं. त्याच संस्थेत दहावीवर दोन वर्षांचे व्हेसल नॅव्हिगेटर आणि मरीन फिटर हे अभ्यासक्रमही आहेत. म्हणून आमचा सल्ला असा, की अकरावीला झेपत असेल तर जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवावं. दोन वर्षं ओझं वाटेल, पण कुठलीच वाट बंद होणार नाही.

आता बायांचा नेहमीचा प्रश्न. "मासे तर आम्हीही ओळखतो. त्यासाठी चार वर्षं कॉलेजात कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. तो मुलीलाही पडू द्या. आपल्या घरातलं शहाणपण आणि कॉलेजातलं शास्त्र यांचं नातं कसं आहे, ते एका हिशोबातून सांगतो. भरतीची वेळ काढायला आपली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पाचदहा मिनिटं, कधी त्याहून जास्त मागेपुढे होतं, पण काम चालतं. कॉलेजात सांगतात, की चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. आपली पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं. पाहिलंत ना, हिशोब किती जवळ आहे? उधाणात डोल भरून का येते आणि भांगात जाळं सुस्त का पडतं, याचंही उत्तर तिथेच मिळतं. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाण्याचा जोर वाढतो. अष्टमीच्या आसपास ते एकमेकांच्या काटकोनात असतात, जोर उतरतो.

म्हणजे आपल्या मुली कोऱ्या पाटीने जात नाहीत. अडतं ते भाषेवर. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला अकरावीचं विज्ञान एकदम इंग्रजीतून येतं आणि पहिल्या चाचणीत गुण घसरले की ती म्हणते, मला जमणार नाही. तिथे आईने सांगायचं, की शब्द नवा आहे, वस्तू जुनी आहे. सॅलिनिटी म्हणजे पाण्याचा खारेपणा. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पावसाळ्यात वैतरणेचं गोडं पाणी उतरलं की आपल्या मुखाशी ते कमी होतात. इश्चुअरी म्हणजे आपल्या खाडीचं तोंड. गिल म्हणजे कल्ले, जे उचलून तुम्ही मासळी ताजी का शिळी ते बघता. स्विम ब्लॅडर म्हणजे घोळीच्या पोटातलं बोत. मासा पाण्यात वर-खाली तरंगतो तो या पिशवीतल्या हवेच्या जोरावर, आणि घोळीच्या जातीचे मासे आवाज काढतात तेही तिच्याच मदतीने.

बोताचं नाव निघालंच आहे तर मुरब्याची गोष्ट आठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये पावसाळी बंदी उठल्यावर तिथल्या एका बोटीला १५७ घोळी मिळाल्या आणि त्या १ कोटी ३३ लाखांना गेल्याचं वर्तमानपत्रांत आलं. तो पैसा मुख्यतः बोताचा. परदेशात त्याला मोठी मागणी आहे. मासा आपल्या दर्यातला, पण बोताची प्रत कशी ठरते, ते कसं वाळवायचं, त्यावर पुढे काय प्रक्रिया होते, हे शिकलेलं माणूस आपल्या किती गावांत आहे? मत्स्यविज्ञानाच्या पदवीत मत्स्यप्रक्रिया हा एक मोठा विषयच आहे. त्याशिवाय मत्स्यसंवर्धन, मासेमारीची जाळी आणि साधनं, पाण्याची तपासणी, माशांचे रोग, मत्स्य अर्थशास्त्र आणि गावात जाऊन करायचं विस्तारकार्य असतं. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मच्छीमारांच्या गावात राहून अनुभव घ्यावा लागतो.

आणि आता खरं कारण सांगतो, ज्यासाठी आम्हाला हे बोलावंसं वाटलं.

मैत्रिणींनो, दर्याचे नियम आता कागदावर ठरतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हा नियम आपण पाळतो. २०२३ च्या सप्टेंबरात पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही, बोंबील १८० मिलिमीटरपेक्षा लहान धरायचा नाही. हे आकडे आले कुठून? मासा साधारण किती मोठा झाला की पहिल्यांदा अंडी धरतो, हे शास्त्रज्ञांनी मोजलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं बंदरांवर येऊन नमुना घेऊन मासळी मोजतात आणि त्यावरून राज्याची किती मासळी उतरली याचा अंदाज काढतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरव्या शेवाळकणांचं प्रमाण पाहून मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते. ही सगळी कामं याच शिक्षणाची आहेत. मासळी निवडणारे हात आपले आहेत, पण मोजमाप लिहिणारे हात आपल्या गावचे नाहीत.

वाढवण बंदराचंच घ्या. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. कोणी बाजूने आहे, कोणी विरोधात आहे, आज त्यात आम्ही पडत नाही. पण अशा प्रत्येक मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणाच्या परिणामांचा अहवाल होतो. २००६ च्या नियमाप्रमाणे जनसुनावणीआधी त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत असतो. प्रवाह कसा बदलेल, गाळ कुठे बसेल, मासे अंडी घालतात त्या जागेचं काय होईल, हे त्या पानांत असतं. तो अहवाल उघडून "हे मोजमाप कोणत्या महिन्यात घेतलं? उधाणात का भांगात?" असं विचारणारी एक मुलगी आपल्या गावात असेल, तर सभेत गावाच्या बोलण्याला वेगळं वजन येईल.

आता पैशाचं बोलू. गटातल्या बायांना गोड बोलून भागत नाही, आकडा लागतो.

जुलै २०२४ पासून राज्य सरकारने ठरवलं आहे, की ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मुलीचा प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे आणि अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरला पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. पण हे सगळं दाखल्यांवर अडतं. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. बारावीचा निकाल लागल्यावर तहसील कार्यालयासमोर रांग लावू नका. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच कामाला लागा. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो.

फी माफ झाली तरी वसतिगृह, जेवण, पुस्तकं आणि प्रवास राहतोच. रत्नागिरीला जायचं तर सफाळ्याहून वसई, तिथून दिवा किंवा पनवेल, पुढे कोकण रेल्वे. वर्षातून चार फेऱ्या तरी धराव्या लागतात. त्यासाठी आम्ही गटांना एक साधी पद्धत सुचवतो. मुलगी आठवीत गेली की नेहमीच्या बचतीशिवाय तिच्या नावाने महिना ३०० रुपये वेगळे ठेवा. आठवी ते बारावी पाच वर्षांत १८,००० रुपये होतात, व्याज वेगळं. त्यात पहिल्या वर्षाची सुरुवात निभावते. सुक्या बोंबलाच्या हंगामात दोन पैसे जास्त हातात येतात, तेव्हा थोडं जास्त टाका.

गटाचं अंतर्गत कर्ज मात्र सगळ्या शिक्षणासाठी घेऊ नका. आपल्याकडे महिना शेकडा दोन रुपये व्याज चालतं. ४०,००० रुपये घेतले आणि मुद्दल फिटलं नाही, तर वर्षाचं नुसतं व्याज ९,६०० रुपये होतं. त्यापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज स्वस्त पडतं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. गटाचं कर्ज प्रवेशाच्या वेळच्या घाईच्या खर्चापुरतं ठेवा.

शिकून पुढे काय? इथेही खरं सांगितलं पाहिजे. पदवी घेतली म्हणजे नोकरी ठेवलेलीच आहे, असं नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातल्या अधिकारी पदांसाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. बँकांमध्ये कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या जागा निघतात, त्यांना मत्स्यविज्ञानाची पदवी चालते, हे फार मुलींना माहीत नसतं. निर्यात करणाऱ्या प्रक्रिया कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचं काम असतं. भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था मुंबईतच आहे. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली सुरू झाला. तिथे आणि संशोधन प्रकल्पांत जी कामं निघतात, त्यातली बरीच कंत्राटी असतात. संशोधनात जायचं तर पदवीवर थांबून चालत नाही, आणखी दोन वर्षं आणि पुढे पीएच.डी. धरावी लागते. हे घरात आधीच बोलून ठेवा, म्हणजे मुलगी पदवी घेऊन आली की "लग्नाचं बघू" आणि "अजून शिकायचंय" यात तिची ओढाताण होणार नाही.

आणि नोकरीच पाहिजे असं तरी कुठे आहे? २०१७ पासून कांदळवनाशेजारच्या गावांसाठी सरकारची उपजीविका योजना आहे. खेकडापालन, कालवंपालन, शोभिवंत मासे अशी कामं त्यातून गटांना मिळतात. खेकड्याच्या कुंपणात पाण्याचा खारेपणा कधी बिघडला, मर का लागली, हे वेळीच ओळखणारी पदवीधर मुलगी गावातच असली तर तिचं पोट चालेल आणि गटाचं भांडवलही वाचेल.

"पण हे मुलींचं काम आहे का?" असं अजून विचारतात. त्यांना डॉ. अदिती पंत यांचं नाव सांगा. त्या जन्मल्या नागपूरला, घराणं औंधच्या पंतांचं. पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. केली, पुढे हवाई आणि लंडनला समुद्री वनस्पतींचा अभ्यास केला आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलं. १९८३ साली निघालेल्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया. त्यांच्या घरी शिक्षणाला पाठबळ होतं, आपल्या मुलींना ते आपण द्यायचं आहे. पण सुरुवात त्यांनीही साध्या बी.एस्सी.नेच केली होती.

तर आता करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. मुलगी आठवी-नववीत असेल तर विज्ञान आणि इंग्रजीकडे लक्ष द्या आणि ३०० रुपयांची बचत सुरू करा. दहावीत असेल तर निकालाआधीच घरात शाखेचं बोलून घ्या. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. फॉर्म भरताना मुलीबरोबर स्वतः बसा. शाखा आणि कॉलेजचा क्रम सायबर कॅफेवाल्याला ठरवू देऊ नका. अकरावीत असेल तर दाखले काढा. बारावीत असेल तर सीईटीच्या अर्जाची तारीख चुकवू नका आणि परीक्षेच्या गटात जीवशास्त्र असल्याची खात्री करा.

सगळ्याच मुलींनी हे शिकावं असं आमचं म्हणणं नाही. पण जिला दर्याची ओढ आहे, तिची वाट केवळ माहिती नव्हती म्हणून अडू नये. पुढच्या गटाच्या बैठकीत कर्जवाटपाआधी दहा मिनिटं ठेवा आणि एवढंच विचारा, की यंदा आपल्यातल्या कोणाकोणाच्या मुली दहावीला आहेत? त्यांची नावं वहीत लिहून घ्या. पुढचं बोलणं त्या नावांवरून सुरू होईल.